टेसूने खाल्लेला गुलाबी रंग

अन्याय झाला तो विमलकाकूंवर. गेल्या वर्षी रंगपंचमीच्या सकाळी, साडेदहाच्या सुमारास, काशीत दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत, त्यांच्याच स्वयंपाकघरात. त्यांनी शुगरच्या गोळ्यांची पट्टी फळीवरून उचलली, हळदीच्या डब्यामागे ढकलली आणि गोळीऐवजी वाटीभर टेसूचं पाणी प्यायलं. असं करायला त्यांना कोणी सांगितलं? एका पत्रकानं. पत्रक कोणी लिहिलं? मी.

आता पुन्हा फाल्गुन आहे. काल सकाळी ब्रह्माघाटाकडच्या वळणावर टेसूवाली बसली होती. गोणपाटावर फुलांचा ढीग, केशरी, काळ्या देठांचा, अजून ओलसर. टेसू म्हणजे पळस. आमच्या घरात मराठी बोलतात, पण या फुलाला पळस म्हणताना मी कोणालाच ऐकलेलं नाही. मी थांबले नाही. गेल्या वर्षी याच ढिगासमोर मी उकिडवी बसून भाषण ठोकलं होतं, "चाची, तुम्हाला माहीत नाही तुम्ही काय विकताय!" ती म्हणाली होती, "फूल बेचत हईं बिटिया, अउर का." तिचंच बरोबर होतं. ती फुलं विकत होती. औषध मी विकत होते.

पत्रक लिहायला मी कॉलेजात शिकले. आमच्या गटात एक थोराड दादा होता, तो नव्या पोरापोरींना बसवून तीन गोष्टी घोटून घ्यायचा. पहिल्या ओळीत अन्याय कोणावर आणि कधी झाला ते लिहा. शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याकडून काहीतरी मागा. आणि मधे शंका नको. शंका दिसली की वाचणारा पत्रकाची पुडी करून त्यात शेंगदाणे खातो. पहिले दोन नियम मी अजून पाळते. तिसऱ्याबद्दल आज बोलायचंय.

गेल्या फाल्गुनात आमचा लढा झाडांसाठी होता. रामनगरच्या पलीकडे रस्ता रुंद करायचा म्हणून पळसाची एक रांगच्या रांग तोडायला काढली होती. त्या दिवसांत पळसाला पान नसतं. नुसतं फूल. दुपारच्या उन्हात ती रांग बघितली की डोळे बारीक करावे लागायचे, आणि खाली मातीत पडलेल्या फुलांवरून शेळ्या निवांत चरत जायच्या. मी तिथे तीन दिवस कागद घेऊन सह्या मागत उभी राहिले. लोक विचारायचे, "ह्या झाडाचा उपयोग काय?" फळ नाही, लाकूड धड नाही, सावली उन्हाळ्यातच गुल. मी म्हणायचे, सुंदर आहे, पाखरं येतात. लोक हसून स्कूटर चालू करायचे. मला संताप यायचा. आणि संतापलेल्या माणसाला सगळ्यात जास्त गरज कशाची असते, तर एका आकड्याची.

तो आकडा मला अनघाताईनं दिला. अनघाताई आमच्याच गल्लीतली, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. तिचे वडील रेल्वेत होते, नागपूरकडून बदलून आले ते इथलेच झाले. ती एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत वनस्पतींच्या अर्कांवर काम करते. होळीच्या आधी दोन दिवस ती संध्याकाळी गच्चीवर आली, बोटं पिवळी झालेली, आणि म्हणाली, "ऐक, टेसूनं गंमत केली. साखर सुटी करणारं विकर निम्म्याहून जास्त बंद पाडलं."

विकर म्हणजे एन्झाइम. आपल्या आतड्यात एक विकर असतं, ते जोडसाखर तोडून सुटी साखर करतं, आणि ती सुटी साखर रक्तात जाते. ते विकर जरा अडवलं तर जेवणानंतर साखर हळूहळू चढते. अशी औषधं खरोखर आहेत. म्हणून अनघाताईसारखी माणसं काचेच्या नळीत जोडसाखर घेतात, विकर घालतात, वर फुलाचा अर्क घालतात आणि किती साखर सुटली ते मोजतात. साखर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून एक द्रव घालतात. साखर जितकी जास्त, तितका तो द्रव गुलाबी. विकर एकटं असलेली नळी गडद गुलाबी झाली. टेसू घातलेली नळी फिकीच राहिली. म्हणजे साखर सुटलीच नाही. म्हणजे टेसूनं विकर अडवलं.

"पण अजून पक्कं नाही हं," अनघाताई म्हणाली. "एक नळी लावायची राहिलीय."

हे वाक्य मी ऐकलं. ऐकलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. मी ते ऐकलं आणि खिशातला कागद काढून फक्त पहिलं वाक्य लिहून घेतलं.

त्याच रात्री पत्रक तयार झालं, दुसऱ्या दिवशी छापून आलं. पिवळा कागद, काळी अक्षरं. "तुमच्या दारातलं औषध तोडलं जातंय." खाली लिहिलं होतं की प्रयोगशाळेत सिद्ध झालंय, टेसू साखर सुटूच देत नाही. आणि एक ओळ अशी, जी लिहून झाल्यावर मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली होती: "गोळ्यांची गुलामी कशाला?"

रंगपंचमीला आमच्या गल्लीत टेसूचा वास भरलेला असतो. सगळी काशी होळी खेळून, अंग घासून, कामाला लागलेली असते आणि आम्ही मराठी घरं पाच दिवसांनी पुन्हा रंग काढतो. कोपऱ्यावरचा पानवाला दरवर्षी तेच बोलतो, "मराठी लोगन क होली पाँच दिन लेट चलेला, रेलगाड़ी नियर!" आदल्या रात्री आई फुलं मोठ्या पातेल्यात भिजत घालते. सकाळी उकळते. वास गोडसर, थोडा गवताचा, थोडा ओल्या दोरखंडाचा. मग चिमूटभर चुना, की पिवळा रंग एकदम केशरी होतो. पण चुना ओतायच्या आधी आई एक गोष्ट करते, तिच्या सासूनं शिकवलेली. बाबांच्या जुन्या धोतराच्या तीन चिंध्या घेते. एक नुसत्या फुलांच्या पाण्यात बुडवते, एक फुलं आणि चुना दोन्हीच्या, आणि तिसरी नुसत्या चुन्याच्या पाण्यात, ज्यात फूल नाहीच. तिन्ही दोरीवर वाळत घालते आणि मग ठरवते रंग कसा चढलाय ते.

लहानपणी मी विचारायचे, तिसरी कशाला? तिच्यात रंगच नाही.

"जुनं धोतर चुन्यानं आपलं आपणही पिवळं पडतं," आई म्हणायची. "मग टेसूचं किती अन् चुन्याचं किती, कसं कळणार? उगाच फुलांना शाबासकी द्यायची का?"

गेल्या रंगपंचमीला त्या तीन चिंध्या माझ्या डोक्यावर, अक्षरशः डोक्यावर, दोरीवर लटकत होत्या. त्यांच्याखाली उभं राहून मी पत्रकं वाटत होते. पहिलं पत्रक विमलकाकूंच्या हातात दिलं.

विमलकाकू समोरच्या घरातल्या. घाटावर क्रियाकर्मासाठी येणाऱ्या मराठी यात्रेकरूंना तीस वर्षं जेवू घालतायत. पन्नास पानांचं पुरण एकटीनं वाटलेली बाई. जिभेला धार. रोज पहाटे अनवाणी पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरून नहायचं, वर येऊन मंगला गौरीला जायचं, मग चूल. पायऱ्या मोजायच्या नाहीत, असा त्यांचा दंडक, "मोजल्या की गुडघ्याला समजतं." त्यांनी पत्रक चष्मा न लावता लांब धरून वाचलं आणि म्हणाल्या, "हे तू लिहिलंस? छान लिहिलंयस गं. मला तर ह्या गोळ्यांचा अगदी कंटाळा आलाय बघ, तोंड कडू होतं."

"मग काकू, हे वाचा ना, हे," मी त्या गुलामीच्या ओळीवर बोट ठेवलं.

ते बोट मला अजून दिसतं. नखात गुलाल होता.

चैत्र गेला. त्या दिवसांची आठवण काढली की आधी चांगल्याच गोष्टी येतात, याची मला चीड येते. पळसाची रांग वाचली. रस्ता थोडा वळवला. आम्ही लस्सी प्यायलो. गंगेचं पाणी मागे सरकलं, पायऱ्या आणखी उघड्या पडल्या, दगड तापायला लागले. काकूंची सून अधूनमधून विचारायची, "आई, औषध घेतलं न?" आणि काकू म्हणायच्या, "घेतलं न." त्यांनी सुकलेल्या फुलांचा डबा भरून ठेवला होता, रोज वाटीभर पाणी घ्यायच्या. त्यांच्या मते त्या खोटं बोलत नव्हत्या. वैशाखात एकदा नहाऊन परतताना उशीर झाला, उन्हं पायऱ्यांवर आली होती, उजव्या पायाच्या करंगळीला चटका बसून फोड आला. काकूंनी त्यावर हळद लावली. हळदीचा डबा काढताना मागची गोळ्यांची पट्टी हाताला लागली असणारच. त्यांनी ती पुन्हा मागे सारली.

फोड बरा झाला नाही. शुगर वाढलेली असली की जखम भरत नाही, आणि पायाची संवेदना गेलेली असली की दुखतही नाही. काकू तशाच पुरण वाटत राहिल्या. ज्येष्ठात करंगळी काळी पडली, तेव्हा त्यांचा मुलगा त्यांना उचलून गल्लीतून मोठ्या रस्त्यापर्यंत घेऊन गेला. आमच्या गल्लीत गाडी येत नाही. रस्ता मोकळा करत मी पुढे धावत होते, "हटो, हटो" ओरडत. काकू मुलाच्या पाठीवरून मला म्हणाल्या, "ओरडू नकोस. मी काही मणिकर्णिकेवर जळायला नाही चालले."

डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद? सुनेनं सांगितलं, बंद नाहीत. काकूंनी सांगितलं, रंगपंचमीपासून. आणि मग कमरेच्या पिशवीतून त्यांनी घडी घातलेलं पिवळं पत्रक काढून डॉक्टरांपुढे धरलं. अगदी विश्वासानं, जसं रेशनकार्ड दाखवावं.

मी तिथून थेट अनघाताईच्या प्रयोगशाळेत गेले. कशाला, हेही सांगते. माफी मागायला नव्हे. मला पुरावा हवा होता. काकूंनी प्रमाण चुकवलं असेल, फुलं शिळी असतील, काहीतरी असेल, पण पत्रक खरं आहे हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

"ती नळी दाखव मला," मी म्हणाले. "फिकी."

अनघाताईनं चार नळ्या स्टँडमध्ये लावल्या. पहिलीत जोडसाखर आणि विकर. दुसरीत तेच, वर टेसूचा अर्क. मग तिसरी: "हिच्यात विकर नाही. तोडायला जोडसाखरही नाही. आयती, सुटी साखर घातलीय, मोजून. चौथीतही तेवढीच साखर, आणि टेसू. दोन्ही सारख्याच गुलाबी व्हायला हव्यात." सगळ्यांत तो मोजणारा द्रव घातला आणि आम्ही थांबलो. पंखा आवाज करत होता. खिडकीबाहेर कोणीतरी माळी झाडांना पाणी घालत होता, आणि मला वाटत होतं की चौथी नळी गुलाबी झाली तर काकूंची करंगळी वाचेल. इतकं मूर्खासारखं वाटत होतं.

पहिली गुलाबी झाली. तिसरी गुलाबी झाली. दुसरी फिकी, ती माहीत होती. चौथीही फिकी.

"ह्यात साखर आहे," अनघाताई म्हणाली. "मी माझ्या हातानं घातलीय. विकर नाहीच. मग टेसूनं अडवलं कोणाला?"

मला कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, आईनं तिखटमिठाचं सांगावं तसं. त्या द्रवात साखरेची बातमी रंग मोजणाऱ्या यंत्रापर्यंत जाते ती टप्प्याटप्प्यानं. साखरेपासून आधी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि त्याच्या जोरावर पुढे गुलाबी रंग. टेसूचा पिवळा-केशरी रंग ज्या पदार्थांचा असतो त्यांना फ्लेव्होनॉइड म्हणतात; फुलांत, फळांत, चहात, कांद्याच्या सालीत, सगळीकडे असतात. ते पदार्थ हे मधले टप्पेच गिळून टाकतात. रंग तयार होण्याआधीच विझतो. साखर सुटलेली असते. सुटल्याची बातमी तेवढी पोचत नाही.

"आणि हा तर सरळ प्रकार," ती म्हणाली. "दुसऱ्या चाचण्यांत ते वेगळंच करतात. कुठे स्वतःच्या रंगानं यंत्राचा उजेड पिऊन टाकतात. कुठे पाण्यात त्यांचे बारीक गोळे होतात आणि विकर त्या गोळ्यांना चिकटून बसतं, साबणाचा थेंब टाकला की सुटतं. प्रत्येक वेळी कागदावर तोच निकाल, विकर अडलं. म्हणून ही जास्तीची नळी लावायची असते."

"मग तू आधी का नाही लावलीस?"

"मी तुला म्हटलं होतं, एक राहिलीय. मग होळीची सुट्टी आली, मग परीक्षा आल्या. आणि खरं सांगू? आकडा छान आला होता. छान आकडा आला की पुढची नळी लावायला हात जड होतो."

मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं. ओरडणं हा माझा धंदाच आहे. पण मला डोळ्यांसमोर आईच्या दोरीवरच्या तीन चिंध्या दिसल्या. तिसरी, फूल नसलेली, चुन्याची. आई जे धोतराच्या चिंधीबद्दल विचारते ते मी माणसाच्या औषधाबद्दल विचारलं नव्हतं. आणि आईच्या चिंधीवर तर फक्त एका दिवसाच्या खेळाचा रंग ठरतो.

टेसू दोषी नाही, हेही लिहून ठेवते, कारण आता उलटं पत्रक काढणारेही भेटतील. टेसूमुळे साखर कमी होत नाही असंही अनघाताईनं सिद्ध केलेलं नाही. तिनं एवढंच दाखवलं की त्या चाचणीतून आपल्याला काहीच कळलं नव्हतं. दुसऱ्या पद्धतीनं, साखर आधी वेगळी काढून, ती आता पुन्हा मोजतेय. काय येईल ते येईल. आणि नळीतलं खरं ठरलं तरी नळी म्हणजे काकूंचं पोट नव्हे. मधे खूप पायऱ्या आहेत.

मला राहून राहून रामनगरच्या त्या रांगेचं वाटतं. झाड तोडू नका, एवढं म्हणणं मला पुरेसं का वाटलं नाही? जे उभं आहे त्याला उभं राहण्यासाठी कामाला लावलंच पाहिजे, असं त्या स्कूटरवाल्यांना वाटत होतं, आणि मी भांडता भांडता त्यांचंच म्हणणं मान्य करून बसले. झाडं वाचली. त्यांच्या वाचण्यात काकूंची करंगळी गेलीय, हे त्यांना माहीत नाही. परवा मी मुद्दाम तिकडे जाऊन आले. फुलं तशीच होती, बेशरम, भरभरून. शेळ्याही त्याच असाव्यात. मी एका बुंध्याला टेकून बराच वेळ बसले आणि पहिल्यांदाच त्या झाडाकडून काही मागितलं नाही.

काकू आता पायऱ्या उतरत नाहीत. करंगळी काढली, शेजारचं बोट कसंबसं राहिलं. तोल जातो. सून बादलीत गंगेचं पाणी आणून देते आणि काकू अंगणातल्या मोरीत बसून नहातात. पहाटे आमच्या खिडकीतून तांब्याचा आवाज येतो. यात्रेकरूंचा स्वयंपाक खुर्चीवर बसून करतात. डॉक्टर म्हणतात, शुगर अशीच ताब्यात राहिली, जखम टिकून बरी राहिली, तर काठी घेऊन, कोणाचा हात धरून, पुढच्या थंडीत चार पायऱ्या जमतील. चार. न मोजण्याचा दंडक असलेल्या बाईला.

मी कित्येक आठवडे त्यांच्या दारात गेले नव्हते. शेवटी त्यांनीच हाक मारली, गल्लीभर ऐकू जाईल अशी, "ए पत्रकवाली! इकडे ये!"

मी गेले. पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतला. "तिथे नको, तिथे जागा कमी झालीय."

मला हसूही येईना, रडूही येईना. म्हटलं, "काकू, माझं चुकलं."

"चुकलं ते चुकलं. मीही काही कुक्कुलं बाळ नव्हते, डॉक्टरला विचारायला मला कोणी अडवलं होतं? पण मला सांग, किती छापली होतीस ती पिवळी पत्रकं?"

"बरीच."

"मग ती कुठेत?"

मला माहीत नव्हतं. घाटावर, देवळांत, दुकानांत, कोणाच्या पोथीत, कोणाच्या कमरेच्या पिशवीत.

"म्हणजे माझं बोट गेलं ते गेलंच, आणि पत्रक अजून फिरतंय," काकू म्हणाल्या. "वा. दुसरं काढ. त्यात माझं नाव घाल. चांगलं पहिल्या ओळीत. कुठे झालं, कधी झालं, सगळं. बाकीच्यांची बोटं तरी जागेवर राहू देत, काय?"

"तुमचं नाव कशाला काकू, लोक..."

"लोक काय? नावाशिवाय कोणाला पटतं गं? तू तरी तो आकडा कोणावर तपासलाय, त्याचं नाव विचारलं होतंस का?"

म्हणून पहिल्या ओळीत त्यांचं नाव आहे. हे पत्रक नाही, हे जरा लांबलं, ह्यात शंका पुष्कळ आहेत, त्या दादाला आवडणार नाही. ह्याची पुडी करून शेंगदाणे खाल्लेत तरी चालेल. फक्त आधी वाचा.

काल आईनं फुलं भिजत घातली. आज दोरीवर तीन चिंध्या आहेत. मी तिसरीसमोर उभी होते तेव्हा आई म्हणाली, "सरक, ऊन अडवतेयस."

आता मागणं. ते पिवळं पत्रक तुमच्या घरात कुठेही असेल तर ते माझ्या दारात आणून टाका. दुर्गाघाटावर कोणालाही विचारा, पत्रकवालीचं घर दाखवतील. आणि ते नसेल, दुसरंच एखादं असेल, मोबाईलवर आलेलं असेल, कुठल्या पानाफुलानं कुठलं विकर अडवल्याचं, तर पुढे पाठवण्याआधी पाठवणाऱ्याला विचारा, विकर नसलेली, आयत्या साखरेची नळी लावली होती का. उत्तर आलं नाही तर तिथेच थांबवा.

पण हे सगळं नंतर. आत्ता हा कागद खाली ठेवा. घरात ज्याला कोणाला रोजची गोळी आहे त्याच्याकडे जा आणि विचारा, आज घेतली का. "घेतली" म्हणाले तर मान हलवून परत फिरू नका. फळीवरचे डबे सरकवा, पट्टी काढा, गोळ्या मोजा.